वेलीमागे एक तवसं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. लग्न होऊन मी डिचोलीकडच्या कारापूरहून इकडे पेडण्यात आले, त्याच वर्षी शेजारचे बाबुराव माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, "साईश, पेडण्यात मिरच्यो कमी आसल्यो म्हणान डिचोलीसून हाडलंस रे?" सगळे हसले, मीही हसले. पण खरं ते खरं. म्हणून आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या कमलला मी जे बोलले ते बोलायला नको होतं, हे आधीच कबूल करून टाकते.

मांद्र्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं हजार चौरस मीटर शेत आहे. पावसात भात, थंडीत मिरची, वाल, तांबडी भाजी. साईशचा धंदा किनाऱ्यावर स्कूटर भाड्याने देण्याचा. त्याच्या ओळखीच्या एका गेस्ट हाउसवाल्याला गाड्या लावायला जागा हवी होती आणि आमचं शेत त्याच्या डोळ्यांत भरलं होतं. साईश वाईट माणूस नाही. शेतात वाकलं की त्याची पाठ धरते आणि मग त्याला शेताचे सगळे दोष दिसायला लागतात. मी तोंड सोडलं तेव्हा तो म्हणाला, "एक हंगाम घे तुका. चललां तर शेत तुझां. नाय चललां तर जागो तेका देवया, आनी मगे तू एक अक्षर बोलाचा नाय."

मला शेत गेलेलं परवडलं नसतं आणि गप्प बसणं तर त्याहून नाही. मी हो म्हटलं.

त्याच महिन्यात कंपनीचा माणूस गावात आला. नाव सुदेश, राहणारा आमोण्याचा. माझ्या माहेरच्या बाजूचा म्हणून मला जरा धीर वाटला. बाबुरावांच्या सोप्यावर आठ घरांची माणसं जमली. सुदेशने सांगितलं की बी कंपनी देणार, दोरी कंपनी देणार, औषध कधी मारायचं तेही कंपनी सांगणार. पीक म्हणजे गर्किन, आपल्या तवशाचं, म्हणजे काकडीचंच, एक तान्हं भावंड. करंगळीएवढं झालं की तोडायचं. ते व्हिनेगरच्या पिंपात बुडून परदेशात जाणार. दर आधीच ठरलेला. मात्र ज्याची तोडणी ठरलेल्या वजनाच्या खाली राहील, त्याचं नाव पुढच्या वर्षी लिहिलं जाणार नाही.

"जां आपण खायनव, तां रोवचां कित्याक?" बाबुरावांनी विचारलं.

"म्हापशाच्या बाजारात कोणी घासाघीस तरी करणार नाही," पलीकडच्या वाड्यावरची मनीषा म्हणाली. "दर ठरलेला म्हणजे रात्री झोप लागते." तिला कंपनी आवडली ती एवढ्यासाठीच. बाबुरावांनी सहीही केली आणि सही करताना कुरकुरही केली. बाकीच्यांचं थोडंफार तसंच होतं. नवी सून कशी निघते ते बघावं, तसे सगळे त्या बियांच्या पुड्यांकडे बघत होते.

माझे सासरे जयराम, घरात आणि गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ह्या तवशाक पिकूक देवचांच नाय?"

"नाही काका. पिकलं तर फुकट गेलं."

"म्हणजे वेलीन एकय पोर वाढवचां नाय," भाऊ म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून घरी चालू लागले.

भाऊंची तवशी म्हणजे आमच्या वाड्याची शान. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, तिच्यात वाड्यावरच्या प्रत्येक घरी आमच्या शेतातलं एक तवसं टांगलेलं असतं. हाताएवढं, पिवळंधमक. असल्या माणसाला करंगळीएवढी फळं खुडायला लावायची! त्यांना हे पटलेलं नाही, असं मी मनात धरून ठेवलं. विचारलं मात्र नाही. विचारायला हवं होतं.

बाराशे बिया मोजून मिळाल्या, बाराशे वेली दोरीवर चढल्या. भाऊ, दोडामार्गाकडून कामाला आलेली कमल आणि तिचा नवरा विशाल पहाटे तोडणी करायचे. मी काजूच्या सावलीत बसून पत्र्याच्या पट्टीच्या भोकांतून एकेक फळ घालून निवडायची. भोकातून गेलं ते कंपनीचं, अडकलं ते बाद. पहिले तीन आठवडे रोज सहा क्रेट भरत होते. मी साईशकडे बघून मुद्दाम गुणगुणायची.

मग सहाचे चार झाले, चाराचे तीन. पानं हिरवीगार, फुलं मात्र धरेनात. एका संध्याकाळी साईश त्या गेस्ट हाउसवाल्याला घेऊन बांधावर आला. दोघं पावलं टाकत रुंदी बघत होते. मला बघून साईश ओशाळला, पण पावलं त्याने पुरी केली.

दुसऱ्याच दिवशी मी सुदेशला फोन करून बोलावलं. त्याने वरची पानं उलटी करून बघितली, फुलं बघितली. "रोग नाही, ताई. कुठंतरी फळं राहतायत. एक तवसं पिकायला लागलं की वेल म्हणते, झालं माझं काम. मग ती नवं धरत नाही. तोडणाऱ्यांना सांगा, नीट बघून तोडा. पुढच्या शुक्रवारी मी येतो. त्या दिवशी मला तुमचं काय ते वर कळवायचं आहे."

तो गेला आणि मी तडक कमलवर धावून गेले. डोळे घरी ठेवून येतेस काय, तुझ्या हयगयीपायी माझं शेत जाणार, आणखी बरंच काही. कमल माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिने टोपली खाली ठेवली, पदराने हात पुसले. "वैनी, माका कित्याक बोलतास? खाली वाकान बघा," म्हणाली आणि विशालला घेऊन निघून गेली.

मी खाली वाकले.

मुळाशी, पानांच्या दाटीत, एक तवसं होतं. कंपनीच्या मापाच्या दसपट, पोटाकडून पिवळं पडायला लागलेलं. ओल लागून कुजू नये म्हणून त्याच्याखाली सुक्या गवताची छोटी चुंबळ ठेवलेली. मी दुसरी वेल बघितली. तिथेही तवसं, तिथेही चुंबळ. तिसरी, दहावी, पुढची सरी. वेलीमागे एक. असली गोल, घट्ट चुंबळ आमच्या वाड्यावर एकच माणूस वळतो.

भाऊ विहिरीवर पाय धूत होते. मी तिथवर पोचेपर्यंत माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडलेही होते. "भाऊ, तुमकां पार्किंगच जाय आसलां तर सरळ सांगूचां! असां चोरान कित्याक केलां?"

"पार्किंग?" भाऊंनी बालदी खाली ठेवली. ते रागावले नाहीत, गोंधळले. "गे, पयलां फळ वेलीचां. तेका हात लावचो नाय. लावलो तर वेल रुसता. माझ्या बापायन माका सांगलां, मीय तसांच केलां. कमलीच्या घराकय तीच रीत आसा, तिका सांगूक लागलां नाय. आनी ही तर परकी बी, भरवसो नाय, म्हणान आनीकच सांभाळलां. तुझां शेत रवाक जाय म्हणान."

माझं शेत राहावं म्हणून! मी पायरीवर बसले. मला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. दीड महिना हा म्हातारा पहाटेच्या थंडीत बाराशे वेळा वाकून माझ्यासाठी चुंबळी ठेवत होता, आणि मी त्याला चोर म्हणून मोकळी झाले होते. भाऊ करायला गेले एक आणि झालं भलतंच, पण ते माझ्यासाठी करायला गेले होते.

मी डोळे पुसले आणि सुदेश काय म्हणाला ते सांगितलं. भाऊंनी बोटांवर हिशेब केला.

"बरोबर सांगता तो," ते म्हणाले. "आमची वेल बारा तवशी देय. एक तिका सोडलां तरी आमकां अकरा. हिच्याकडे आमी रोज मागतंव. रोज दिवपी बायलेक एकय पोर परवडचां नाय." मग उठले. "फाल्यां सगळी काढया."

सकाळी मी आधी कमलच्या खोलीवर गेले. "कमल, माझं चुकलं," म्हटलं. एवढं म्हणायला मला वाटेत तीनदा थांबावं लागलं होतं.

"चुकलां तर चुकलां. चाय घेतलात?" ती म्हणाली. तिने चहाबरोबर पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, पुढे केली आणि विशालसकट आम्ही तिघं शेतावर आलो.

भाऊंनी कोयती कोणाच्या हातात दिली नाही. त्यांनी कापायचं, आम्ही उचलायचं. औषध मारलेली फळं, माणसाने खायची नाहीत, गुराला घालायची नाहीत, खड्ड्यात पुरायची, असं सुदेशने फोनवर सांगितलं होतं. जन्मभर तवशी वाटत आलेला माणूस दिवसभर तवशी पुरत होता. उन्हं कलली तेव्हा विहिरीच्या कोपऱ्यातली शेवटची वेल राहिली. भाऊंनी कोयती माझ्यापुढे धरली.

"ही तू काढ. माझो हात दुखलो."

त्यांचा हात दुखत नव्हता. मी गुडघ्यांवर बसले, तवसं तळहातावर घेतलं. जड होतं, दिवसभराच्या उन्हाने कोमट झालेलं. मला शुक्रवार आठवला, बांधावर मोजलेली पावलं आठवली. ज्याच्या एका शब्दावर माझं शेत अडकलं होतं, त्याला दिसेल अशा जागी ते ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. तरी मी ते परत चुंबळीवर ठेवलं आणि वर पान ओढलं. भाऊंना त्या दिवशी आणखी एक नाही म्हणणं मला जमलं नाही, एवढंच.

तीन-चार दिवसांत वेली फुलांनी भरल्या. क्रेट चार झाले, पाच झाले, शुक्रवारी सकाळी पुन्हा सहा. सुदेश आला तेव्हा साईशही घरी होता. मी सावलीत बसायला कदेल मांडून ठेवली होती, पण सुदेश बसला नाही. सरीसरीतून फिरत, पानं बाजूला करत, मान हलवत तो पुढे चालला होता. आम्ही सगळे त्याच्या मागून. कोपऱ्यातल्या वेलीशी तो थांबला. बाकी सगळ्या फळांनी लगडलेल्या आणि हिच्यावर एक नवं फळ नाही. कळायला वेळ लागला नाही. त्याने पान उचललं.

"हे कोणी ठेवलं?"

"मी," मी म्हटलं.

"तिणां नाय. मी," भाऊ म्हणाले.

साईश आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला. सुदेश उकिडवा बसला. त्याने तवशाला हात लावला नाही. त्याच्याखालच्या चुंबळीवरून तेवढं बोट फिरवलं.

"नियमाप्रमाणे ही वेल उपटायची," तो म्हणाला.

सुदेशने वही उघडली, थोडा विचार केला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "वेली अकराशे नव्याण्णव. पीक उत्तम. पुढच्या वर्षी घ्यावं." मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "एक वेल मेली, असं लिहिलंय. बाराशे बियांत एखादी मरतेच."

"मरताच," भाऊ गंभीरपणे म्हणाले. कमल पदर तोंडावर धरून हसत होती.

फेब्रुवारीत हंगाम संपला. संपलं की सगळ्या वेली उपटून जाळायच्या, हाही कंपनीचा नियम. त्या दिवशी साईश स्कूटरींचं दुकान बंद ठेवून, कोणी न सांगता शेतात उतरला. पाठीवर हात ठेवत ठेवत त्याने सरीमागून सरी उपटली. दुपारपर्यंत शेत मोकळं झालं आणि विहिरीच्या कोपऱ्यात तेवढी एक वेल हिरवी राहिली, मुळाशी पिवळंधमक तवसं घेऊन. साईश तिच्याजवळ गेला. वाकला. हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"हिका कित्याक उपटूची?" तो म्हणाला. "ही तर वहीत मेल्या न्हय?"

मग विहिरीकडे जाऊन त्याने बालदीभर पाणी काढलं आणि सावकाश तिच्या मुळाशी ओतलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. एक अक्षर बोलायचं नाही ही अट हरल्यावरची होती. त्या दिवशी मी जिंकूनही काही बोलले नाही.