पंचविसाव्या पानावरची छत्री

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि माझा कणा मोडलाय तो म्हातारपणाने नाही, लोकांनी वाचून वाचून मोडलाय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच कीव करत बसू नका.

आम्ही चौघी बहिणी. 'दोघींचा डबा' हे आमच्या मालिकेचं नाव, आणि मी त्यातली तिसरी. मंदा आणि जुई नावाच्या दोन बायका मिळून जेवणाचे डबे पोचवतात, कडाकडा भांडतात, एकमेकींच्या प्रेमात पडतात आणि सगळ्या नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून संसार थाटतात. कुणी विहिरीत उडी घेत नाही, कुणी झुरून मरत नाही. आमच्या लेखिकेने छापखान्यात बजावलंच होतं, "या दोघींना मी रडवणार नाही. लोकांना हसवायचंय. जमत असेल तर छापा." दोन हजार नऊ साली आम्ही छापून निघालो.

पनवेलला तळ्याजवळच्या एका लहानशा वाचनालयात आलो आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तिथल्या ग्रंथपाल दमयंतीताई, बाई भल्या, पण भारी घाईच्या. आमच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पाककृती आहे, नेमकी तीच त्यांनी चाळली. झालं! चौघींना खाकी कागदाचं कव्हर चढवलं आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांत नेऊन लावलं. एका बाजूला लोणची-मुरंबे, दुसऱ्या बाजूला उपवासाचे पदार्थ. असा संताप आला मला! प्रेमकथा मी, आणि शेजाराला साबुदाणा? पण खोटं कशाला बोलू, त्या चुकीनेच आमचं भलं केलं. बायका रस्सा शोधायला आम्हाला घरी नेत आणि वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू जाई.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगते. खाकी कव्हरात सगळी पुस्तकं सारखीच दिसतात. वाचलेलंच पुन्हा घरी येऊ नये म्हणून सभासद पंचविसाव्या पानावर पेन्सिलीने आपापली बारीक खूण करतात. कुणाची फुली, कुणाचा मासा, कुणाचं फूल. नियमाने बंदी आहे म्हणे. असेना का!

खांदा कॉलनीतल्या कीर्तीची खूण होती छत्री. कॉलेजात शिकणारी, चष्मेवाली, अबोल पोरगी. तिने मला एका दुपारीत वाचून संपवलं आणि छातीशी धरून म्हणाली, "म्हणजे अशा मुली असतात. आणि हसतातसुद्धा!" आपल्याला मुली आवडतात हे तिने जगात कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मला सांगितलं. मी काय बोलणार, पण अभिमानाने फुगले.

माझ्या पंचविसाव्या पानावर, छत्रीच्या शेजारी, आधीपासून एक चहाचा कप होता. वाफेसकट. पहिल्या भागातही तोच, दुसऱ्यातही तोच. महिन्याभराने कीर्तीने मला पुन्हा घरी नेलं, तर कपाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'छत्री, तुला कोण आवडते? मंदा की जुई?' कीर्तीने खाली लिहिलं, 'मंदा. भांडते छान.' पुढच्या खेपेला उत्तर आलं, 'मीपण छान भांडते.' वर्षभर चाललं हे. नाव लिहायची मात्र दोघींची छाती झाली नाही, कारण ते पान उभं पनवेल उघडत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कप कुणाचा हे मला ठाऊक होतं, पण पुस्तकाला विचारतो कोण?

मग दोन हजार तेराचा डिसेंबर आला. असं प्रेम कायद्याने पुन्हा गुन्हा ठरलं, आणि त्याच आठवड्यात वाचनालयाचे कार्यवाह कृष्णकांतराव जवळ्याच्या चटणीची कृती शोधत मला उघडून बसले. उघडलं ते नेमकं मंदा जुईचा मुका घेते ते पान. असा ठसका लागला म्हणता, दमयंतीताई पाणी घेऊन धावल्या.

जानेवारीत सभासदांची सभा भरली. आम्हा तिघींना टेबलावर आणून आपटलं. चौथी कुणीतरी घरी नेली होती, म्हणून वाचली. कृष्णकांतराव गरजले, "ही घाण रद्दीत जाणार. आता तर कोर्टानेही सांगितलंय. आणि मी छातीठोकपणे सांगतो, आपल्या एकाही घरंदाज सभासदाने ही पुस्तकं वाचलेली नाहीत. कुणी वाचली असतील तर उभं राहा!"

सगळे खाली बघायला लागले. कीर्ती शेवटच्या रांगेत होती आणि तिच्या पुढेच तिच्या इमारतीतल्या नीताकाकू बसल्या होत्या. ती उठली तर संध्याकाळपर्यंत घरी कळणार. नाही उठली तर मी रद्दीत, माझ्याबरोबर पंचविसावं पान रद्दीत, आणि तो कप कायमचा हरवणार. मी टेबलावरून मनात ओरडत होते, ऊठ पोरी, ऊठ!

ती उठली. चालत पुढे आली. मला उचललं, पंचविसावं पान उघडलं आणि म्हणाली, "काका, ही छत्री माझी आहे. मी हे पुस्तक सात वेळा वाचलंय."

"लाज नाही वाटत?"

"वाटायची. मला मुली आवडतात याची खूप लाज वाटायची. हे वाचल्यापासून नाही वाटत."

नीताकाकू पर्स उचलून तरातरा निघून गेल्या. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून पदर सावरत कोण उठावं? कृष्णकांतरावांच्या पत्नी, आशालताताई!

"अहो, ते जास्वंदीचं फूल माझं."

"तू? अगं, खाली बस!"

"नाही बसत. चारही भाग वाचलेत मी, दुपारी तुम्ही घोरत असता तेव्हा. त्या पोरीला लाज कसली विचारता?"

हसण्याची एकच लाट उसळली. मागून गव्हाणचे बुधाजी उभे राहिले. जन्मभर होडी चालवलेला माणूस. "त्यो मासा माझा हाय. चटनीत चिंच लिवली व्हती, ती खोडून कोकम बी मीच लिवलं. आमी चिंच नाय घालत. बाकी त्या पोरींचं काय चुकलं नाय." मग कुणी फुली कबूल केली, कुणी त्रिकोण. हात वर झाले आणि आम्ही राहिलो. कृष्णकांतराव चष्मा पुसत बसले.

सगळं गोड झालं असं समजू नका हं. कीर्तीच्या वडिलांनी दोन महिने तिच्याशी अबोला धरला. आणि कप? सभेत कपासाठी कुणीच उभं राहिलं नव्हतं. पोरगी आतून पार खचली.

पण सभेनंतरच्या शनिवारी ती परत आली. सरळ कपाटापाशी गेली आणि माझं खाकी कव्हर टराटरा फाडायला लागली. दमयंतीताई म्हणाल्या, "फाड, फाड. मुळात चूक माझीच." तेवढ्यात दारातून एक मुलगी धापा टाकत आली. हातात माझी चौथी बहीण.

"ताई, मी यूम्ना. मी सभेला नव्हते, उरणला खालाच्या घरी शादी होती. मोहल्ल्यात सगळे बोलतायत, छत्रीवाली उभी राहिली म्हणून. ती कुठे भेटेल?"

कीर्तीने मला पंचविसाव्या पानावर उघडलं आणि तशीच पुढे धरली. यूम्नाने आधी पान बघितलं, मग कीर्तीला.

"मी असते तर मीपण उठले असते," ती म्हणाली.

"आता ऊठ ना," कीर्ती म्हणाली.

यूम्ना भर वाचनालयात मोठ्याने म्हणाली, "हा कप माझा आहे!" वर्तमानपत्र वाचणाऱ्या चार म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. मग दोघी जणी चहा प्यायला गेल्या, मला बरोबर घेऊन, रजिस्टरात नोंद न करताच.

मित्रांनो, पुढे कायदाही बदलला. मी आज प्रेमकथांच्या कपाटात उघड्या अंगाने उभी आहे. पुस्तकांना जपा, असं सगळी पुस्तकं सांगतात. मी नाही सांगणार. मला कव्हर घालू नका, कुलपात ठेवू नका. न्या, चहा सांडा, कोपरे दुमडा. पंचविसाव्या पानावर आता जागा उरली नाही, खुशाल सव्विसाव्यावर खूण करा. आणि माझी निगा राखायचीच असेल तर एवढंच करा: हे कोण वाचतं, असं कुणी दरडावून विचारलं, तर उभे राहा.