वीस जोर

"इची, नी, शी," असं म्हणून सर थांबले आणि प्लॉटवर कोणी हललं नाही.

तेवीस जण मुठी कमरेशी आवळून उभे. समोर धनाजीराव सर, वय अडुसष्ट, पाठ ताठ, पांढरा गणवेश इस्त्रीचा. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीचा कॉमन प्लॉट, उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन आठवडा झालेला, कडुनिंबावर फाटके पतंग अजून लटकलेले. बाजूच्या खुर्च्यांवर पोरांचे आईबाप. सर आमच्याकडे बघतायत, आम्ही सरांकडे. मोजणी खरंच चुकली होती की सरांनी मुद्दाम चुकवली होती, हे मला कळेना.

नीट सांगते, नाहीतर तुम्हालाही कळणार नाही. कराटेत जपानी आकडे मोजतात. इची म्हणजे एक, नी दोन, सान तीन, शी चार. आकड्यागणिक एक ठोसा. आमच्या सरांची खोड अशी की ते मधूनच एखादा आकडा गाळायचे. आकडा चुकला की हलायचं नाही. जो हलला त्याला वीस जोर. पुशअप म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. ते मूळचे तालमीतले, कराटे नंतर मुंबईला जाऊन शिकले, रेल्वेतल्या नोकरीच्या पासवर. "हात माकडही हलवतं," म्हणायचे, "कान उघडे ठेवून हलव."

मी बाराव्या वर्षी, त्र्याऐंशी साली त्यांच्याकडे आले. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत त्यांनी मला तीनदा नापास केलं. तिसऱ्या वेळी माझे बाबा भांडायला गेले, तर सर म्हणाले, "मुलगी तुमची, ठोसा माझा. ठोसा कच्चा आहे." बाबा चहा न घेताच परत आले. वीस वर्षांत सरांनी काळे पट्टे दिले ते सात, त्यातला एक माझा. तिकडे मेन रोडला एसी हॉलमध्ये नवा क्लास निघालाय, दर तीन महिन्यांनी नवा रंग आणि सोबत फोटो. आमची निम्मी पोरं तिकडे गेली. सर म्हणाले, "जाऊ दे, रंगारी झाले." तेव्हा मी हसले होते.

मग दिवाळीपासून हे सुरू झालं. एकदा सर शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्याच्या शाळेच्या फाटकाशी गणवेश घालून तासभर उभे राहिले. तिथला त्यांचा क्लास ब्याण्णव साली बंद झालाय. वॉचमनने फोन केला, मी रिक्षाने जाऊन घेऊन आले. रिक्षात म्हणाले, "पोरं आज उशीर करतायत." मी म्हटलं, "हो सर, येतील."

आणि क्लासमध्ये आकडे गळायला लागले. पूर्वी आठवड्यातून एकदा गाळायचे, आता रोज तीन-चारदा. पोरं बिचारी पुतळे होऊन उभी राहायची, सर वाट बघायचे, मग काहीतरी पुढचं बोलायचे. पोरांना वाटायचं, सर जास्तच कडक झालेत. मला काय वाटायचं ते मलाच सांगता येत नव्हतं. एके दिवशी वाटायचं गेलं सगळं, आणि दुसऱ्याच दिवशी ते पन्नास फुटांवरून ओरडायचे, "नयना, डावी टाच!" आणि डावी टाच खरोखर उचललेली असायची.

त्या दिवशी सकाळी शैलाकाकींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला जिन्यातच गाठलं.

"परीक्षेआधी तूच सांग त्यांना. म्हणावं, आता क्लास पुरे. डॉक्टर काय म्हणाले ते मी काढलं तर ताटावरून उठले."

"काकी, माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"मग कोणाचं ऐकलंय? चार लोकांत काही झालं आणि कोणी हसलं, तर मला नाही गं बघवणार. त्यांनाही नाही सोसायचं."

मी हो म्हणून बसले. वर गेले, तर सर आरशासमोर उभे होते. मी "सर," म्हटलं. ते वळले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "पट्टा सैल आहे." पुढे येऊन त्यांनी माझी गाठ सोडली, पुन्हा बांधली, दोन्ही टोकं सारखी ओढली. बत्तीस वर्षांची बाई मी, युनिव्हर्सिटीत नोकरी करते, घरी एक पोर आहे. पण त्यांनी गाठ बांधली की मी बारा वर्षांची होते. काकींचा निरोप तसाच घेऊन खाली आले. घाबरट म्हणा, मला चालेल.

तर आता प्लॉटवर हे असं. परीक्षा विहंगची होती, सतरा वर्षांचा पोरगा, आठवा काळा पट्टा होऊ घातलेला. तो मधल्या रांगेत दगडासारखा उभा. त्याचे वडील गजेंद्रभाई खुर्चीतून पुढे वाकून मला हळूच म्हणाले, "नयनाबेन, सरने शुं थयुं?" सरांना काय झालं, म्हणून.

मी मान हलवली नाही. सरांकडे बघत होते. त्यांचे डोळे रांगेवरून फिरले, एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून. ओठ हलले. ते आकडा शोधत होते की हलणारा माणूस शोधत होते? देवाशपथ सांगते, मला कळलं नाही. मागे कोणाची तरी खुर्ची वाजली. एक बाई तोंडावर पदर धरून शेजारणीच्या कानाला लागली. काकी गच्चीच्या कठड्याशी उभ्या होत्या.

एवढंच सुचलं की चूक आता कोणाच्या तरी नावावर जाणार. मग माझ्या जाऊ दे.

मी जोरात ओरडले आणि ठोसा मारला.

बावीस जण तसेच उभे, मी एकटी हात पुढे ताणून. वीस वर्षं शिकलेली, क्लासमधली सगळ्यात जुनी. आईबाप हसले. मला हसले, बरं झालं.

सर चालत माझ्यासमोर आले.

"नयना. वीस."

मी खाली वाकले, तळवे धुळीत टेकले. सर मोजायला लागले. जपानीत नाही, मराठीत, तालमीत मोजतात तसे. एक, दोन, तीन. अकरापर्यंत नीट गेले. मग सात आलं. सात, आठ, नऊ. मी जोर काढत राहिले. चौदा झाले, मग पुन्हा दहा. परत चौदापर्यंत गेले, आणि मग पुन्हा एकपासून. दंड थरथरायला लागले, नाकातून पाणी आलं आणि मी रडत होते हे कोणाला दिसू नये म्हणून मान खाली ठेवली. सरांच्या तोंडून वीस येईपर्यंत थांबायचं नाही, इतकंच धरून ठेवलं. हसणारे केव्हाच गप्प झाले होते.

तेराव्या आकड्याला सर थांबले. गुडघे धरून माझ्याजवळ बसले, आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "किती झाले?"

सदतीस झाले होते.

"वीस, सर."

"नक्की?"

"नक्की."

ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, "उद्यापासून तू मोज."

एवढंच. जाऊन त्यांनी विहंगच्या कमरेला काळा पट्टा बांधला, दोन्ही टोकं सारखी ओढली. मग सगळ्यांना गच्चीवर सेवउसळ होती. काकी मला म्हणाल्या, "सांगितलंस का गं?" मी म्हटलं, "काकी, मला नाही माहीत." खोटं नव्हतं ते. सगळं त्यांना कळलं होतं, की काहीच कळलं नव्हतं, मी आजवर ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी समोर उभी राहिले. सर आले आणि माझ्याकडे न बघता सरळ शेवटच्या रांगेत, सर्वांत लहान पोरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मुठी कमरेशी.

मी मोजायला सुरुवात केली. पहिली दहाची फेरी नीट झाली. सरांचा ठोसा पोरांबरोबर पडत होता. मग काय झालं मला, कुणास ठाऊक. बघायचं होतं, आणि बघायची भीतीही होती.

"इची, नी, शी," मी म्हटलं आणि थांबले.

कोणी हललं नाही. शेवटच्या रांगेत सरही हलले नाहीत.