एव्रार सरदारांच्या खांद्यावरचा क्रूस

मोंफ्रेलचे सरदार एव्रार यांनी अख्ख्या बर्गंडीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "मी जाणार! जेरुसलेमला मी जाणार!" चर्चसमोरच्या मैदानात जयजयकार झाला. बिशपांनी तांबड्या कापडाचा क्रूस उंच धरला. एव्रार छाती पुढे काढून उभे राहिले, आणि मनातल्या मनात घरच्या चुलीपाशी जाऊन बसलेसुद्धा.

जायचंय कुणाला! तरुणपणी एकदा जाऊन आले होते तेवढं पुरे होतं. आता गुडघे कुरकुरत होते, आणि गलबताचं नाव काढलं तरी ते विषय बदलायचे. पण त्यांचा बेत पक्का होता. लग्न झालेल्या माणसाला बायकोच्या संमतीवाचून धर्मयुद्धाला जाता येत नाही, असा चर्चचा नियम. मागच्या रविवारी शेजारच्या तिबो सरदारांनी अशीच आरोळी ठोकली, त्यांच्या बायकोने भर मैदानात गळा काढला, आणि तिबो शूर म्हणून मिरवत घरी जेवायला गेले. एव्रारांच्या हेरसांदबाई तर साध्या नव्या घोड्यालाही पहिल्या झटक्यात हो म्हणत नसत.

"बाई, तुमची संमती आहे?" बिशपांनी विचारलं.

"आहे की," हेरसांदबाई म्हणाल्या. "आणा तो क्रूस. सुईदोरा आहे माझ्याकडे."

एव्रारांच्या तोंडचं पाणी पळालं. जाणाऱ्याच्या खांद्यावर क्रूस शिवायचा मान घरच्या बाईचा. तो पुरता शिवून झाला की शपथ लागू, मग सुटका नाही. बाई शिवायला लागल्यादेखील.

"अगं, काय करतेस?" एव्रार ओठ न हलवता पुटपुटले. "नाही म्हण ना!"

"का बरं? तुम्हीच तर कोकललात."

"ते लोकांसाठी गं! तू नाही म्हणशील म्हणून."

"म्हणजे शूर तुम्ही आणि रडकी मी. हलू नका, सुई टोचेल."

टोचलीच.

"अगं, पण माझे गुडघे..."

"त्यांनाही न्या. मागच्या वेळी नेलेच होते. तेव्हा मला कुणी विचारलं? मी नवी नवरी, कोपऱ्यात उभी. सासूबाईंनीच माझ्या वतीने हो म्हणून टाकलं." सुई खाली गेली, वर आली. "जायचं नसेल तर तसं बोला. माझ्या कानात नाही, मोठ्याने."

"इथे? तिबोसमोर? माझी इभ्रत काय राहील?"

"मग जा."

क्रूसाची शेवटची कड उरली. एव्रारांनी डोळे घट्ट मिटले.

"मला जायचं नाही!" ही आरोळी मघापेक्षाही मोठी निघाली. "मला भीती वाटते! मला घरी, हिच्याजवळ राहायचंय!"

मैदानात असा हशा पिकला की बिशपांनाही दाढीआड तोंड लपवावं लागलं. तिबो तर पोट धरून खालीच बसले. हेरसांदबाईंनी दोरा दातांनी तोडला, क्रूस उसवला आणि घडी घालून बिशपांच्या हाती दिला.

"माझी संमती नाही, महाराज."

घरी जाताना एव्रार मान खाली घालून खेचरावर बसले होते. "सगळे हसले गं. आता जन्मभर हसतील."

"हसू द्या. मागच्या वेळी निघालात तेव्हा कुणी हसलं नव्हतं. सगळे जयजयकार करत होते, आणि मी कोठीघरात पिठाच्या पोत्यात तोंड खुपसून रडत होते."

एव्रारांनी खेचर थांबवलं.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"