राहून गेलेली पहिली ओळ

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मागच्यांनी पुढे या, दारातल्यांनी आत या. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. एका बडबड्या बाईची आणि तिच्या अबोल भावाची गोष्ट आहे. मधे मधे हसू येईल, ते दाबू नका. शेवटी रडू आलं तर मला बोल लावू नका.

मी एक जुना प्रोग्राम आहे. यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या चार हजार दोनशे ओळी, तेवढाच माझा देह. मला ना हात, ना पाय, ना रंग, ना वास. पण मी एका माणसाची जीभ होतो. असं भाग्य सोन्याच्या मुकुटालाही मिळत नाही.

ती बाई म्हणजे आक्का. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर. कानाला यंत्र, तोंडाने ‘नमस्कार, कोण हवं आहे’, आणि हाताने तारा जोडणं. घरी आली की दिवसभराचं सगळं पुन्हा बोलून दाखवायची. तिची लेक म्हणायची, आमच्या घरात रेडिओ घ्यायची गरज पडली नाही. त्या आक्काला एका सकाळी कपडे वाळत घालताना अर्धांगवायूचा झटका आला. शरीर गेलं, वाचा गेली. उजव्या हाताची तर्जनी तेवढी उरली, तीही खाली दाबण्यापुरती. डोकं मात्र लख्ख. विचार करा मित्रांनो, विहीर काठोकाठ भरलेली आणि दोर तुटलेला.

तिचा धाकटा भाऊ एका कंपनीत होता. रुग्णालयांना यंत्रं विकणारी कंपनी, आणि हा ती यंत्रं दुरुस्त करणारा. लग्न केलं नव्हतं, आक्काच्याच घरी माडीवरच्या खोलीत राहायचा. तिची बोलायची धडपड त्याला बघवेना. ऑफिस सुटल्यावर तो तिथेच, ऑफिसच्याच यंत्रावर बसून मला लिहू लागला. साहेबांनी एकदा विचारलं, “काय चाललंय रे?” त्याने सांगितलं. साहेब म्हणाले, “तुझं खेळणं आहे, तुझं तू बघ. दिवे बंद करून जात जा म्हणजे झालं.”

सात महिन्यांनी मी पुरा झालो. त्याने दाराच्या घंटीचं एक बटण आणून आक्काच्या बोटाखाली चिकटवलं. पडद्यावर अक्षरांच्या रांगा एकीमागून एक उजळत. हवी ती रांग उजळली की आक्काने बटण दाबायचं, मग त्या रांगेतलं अक्षर उजळलं की पुन्हा दाबायचं. दोन-तीन अक्षरं झाली की पुढचा शब्द मी ओळखून पुढे करायचो आणि वाक्य झालं की मोठ्याने म्हणायचो.

पहिल्या दिवशी सगळे पडद्यासमोर बसले. लेकीच्या डोळ्याला पदर होता. आई आता काय म्हणेल, देवाचं नाव घेईल की आमचं, असं तिच्या मनात चाललेलं. वीस मिनिटं अक्षरं वेचून आक्का पहिलं वाक्य बोलली, “चहात साखर कमी असते. सात महिने.”

लेक हसता हसता रडायला लागली. भाऊ उठून स्वयंपाकघरात गेला आणि साखरेचा डबाच घेऊन आला. दुसरं वाक्य होतं, “आवाज कुणाचा घेतलास? सर्दी झालेल्या कारकुनासारखा आहे.”

त्या दिवसापासून मी तिचे शब्द शिकत गेलो. ‘बा’ आलं की मी ‘बावळट’ पुढे करायचो, ‘धा’ आलं की ‘धाकट्या’. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा मी ‘धाकट्या’ म्हणायचो. धाकट्या, खिडकी लाव. धाकट्या, केस काप, अस्वल दिसतोस. धाकट्या, जेवलास का?

आता माझ्या भाग्याचे दिवस ऐका. भावाने मला घरापुरता ठेवला नाही. जगभरचे लोक आपापले प्रोग्राम जिथे उघडे ठेवतात, अशी एक जागा इंटरनेटवर असते. तिथे त्याने मला ठेवलं. उघडं म्हणजे काय, तर माझ्या चार हजार दोनशे ओळी कुणीही वाचाव्यात, कुठे खुपलं तर दुरुस्त कराव्यात, हवं तर घरी न्याव्यात. मित्रांनो, बंद डबा देणारे जगात पुष्कळ आहेत. डब्याबरोबर आतली कृतीही देणारा विरळा. आणि बघा, किती माणसं आली. कुणी पायाच्या अंगठ्याने चालेल असं बटण जोडलं, कुणी डोळ्याच्या उघडझापीवर मला चालवलं. एकेचाळीस जणांनी मला हात लावला. जो हात लावी, तो माझ्या पोटात एक टिपण लिहून ठेवी. यंत्र ती टिपणं वाचत नाही, माणसंच वाचतात. ‘माझ्या वडिलांसाठी हे बदललं. आता ते शिव्या देऊ शकतात. आभार.’ असलं टिपण असलं की मला माझ्या देहाचं सार्थक वाटे.

त्या एकेचाळिसांत एक बाई होत्या. लांबच्या गावी बोलता न येणाऱ्या मुलांची शाळा चालवत. बावीस मुलं, आणि सगळी माझ्यातून बोलत. बाई माझ्यावर माया करायच्या आणि भावाशी भांडायच्या. भांडण भाषेवरून. मला ज्या भाषेत लिहिलं ती जुनी. बाई टिपणात लिहायच्या, ‘अहो, ही भाषा आता आजोबांना तरी येते का? नवीन भाषेत लिहा, निम्म्या ओळींत होईल.’ भावाने खाली लिहिलं, ‘देवाला कुठल्याही भाषेत हाक मारा, तो ओ देतो. यंत्राला एक अर्धविराम चुकला तरी ते तोंड फिरवतं. म्हणून मला येते तीच भाषा बरी.’ आक्काने हे ऐकून निकाल दिला, “दोघेही वेडे. बोलता येतं ना, मग भाषा कसली बघता?”

पण बाईंची एक तक्रार थट्टेची नव्हती. त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं, ‘सगळ्यात वर परवानगीचा कागद जोडा. एक ओळ पुरे. हा प्रोग्राम मी, अमुक अमुक, लिहिला आहे. तो कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. कायद्याला ही ओळ लागते. ती नसेल तर उघडं ठेवलेलंसुद्धा कुणाचं नसतं, नाहीतर भलत्याचंच होतं.’

भाऊ त्या ओळीपाशी अडखळला. भिडस्त माणूस, देवभोळा, जेवणाआधी आणि कामाआधी हात जोडणारा. त्याने बाईंना लिहिलेलं उत्तर मला पाठ आहे, कारण ते माझ्याच पोटात होतं. ‘बाई, या ओळीत आधी हे माझं आहे असं म्हणावं लागतं. मी काय माझं म्हणू? बुद्धी देवाची, शब्द आक्काचे, यंत्र कंपनीचं. मी नुसता बोटं चालवणारा. नाव कशाला?’

लेकीने हे आक्काला वाचून दाखवलं. आक्काने कितीतरी वेळ अक्षरं वेचली. “धाकट्या, नाव न सांगणाऱ्याचा फोन मी कधी जोडला नाही. आधी हातात घ्यावं, मग द्यावं. हातातच घेतलं नाहीस तर देणार काय, बावळट?”

तो हसला. “उद्या करतो, आक्का. साहेबांची सहीसुद्धा घेतो, म्हणजे बाई गप्प बसतील.”

साहेबांनी त्या दिवशी हसत सही केली असती. पण ‘उद्या’ या शब्दाचा मला फार राग आहे, मित्रांनो. साहेब निवृत्त झाले, कंपनी दुसऱ्याच मालकांनी घेतली, आणि भावाचा उद्या काही उजाडला नाही. दोन वर्षांनी एका दुपारी तो एका रुग्णालयात यंत्र दुरुस्त करायला वाकला, तो उठलाच नाही. आजूबाजूला डॉक्टर होते, तरी उपयोग झाला नाही.

मला कुणी सांगितलं नाही. प्रोग्रामला कोण सांगतं? बरेच दिवस आक्काने बटणाला बोट लावलं नाही. मग एकदा तिने ‘धा’ वेचलं. मी नेहमीच्या लगबगीने ‘धाकट्या’ पुढे केलं. ती थांबली. शब्द उजळत होता आणि विझत होता, उजळत होता आणि विझत होता. तिने बटण दाबलं नाही. मी मूर्खासारखा तोच शब्द पुन्हा पुन्हा पुढे करत राहिलो. शेवटी लेकीने पडदा बंद केला.

वर्ष सरलं आणि नव्या मालकांच्या वकिलाचं पत्र त्या उघड्या जागी आलं. त्यांना माझ्यासारखं यंत्र विकायचं होतं आणि शोधता शोधता मीच सापडलो. पत्र रागाचं नव्हतं, अगदी सभ्य होतं. हा माणूस आमचा नोकर. प्रोग्राम आमच्या यंत्रावर लिहिलेला. तो इतरांना दिल्याचा कागद कुठेही नाही. आणि पुरावा म्हणून त्याचेच शब्द खाली उतरवले होते, ‘यंत्र कंपनीचं. मी नुसता बोटं चालवणारा.’

देवासमोर नम्रतेने जोडलेले हात, आणि त्याच हातांत बेडी पडावी, तसं झालं.

मला त्या जागेवरून काढून टाकलं. एकेचाळीस माणसांची टिपणं माझ्याबरोबर गेली. बाईंच्या शाळेला वेगळं पत्र गेलं. मुलांपुरता आहे तसा वापरा, पण ओळींना हात लावणार नाही असं लिहून द्या, नाहीतर कोर्टात या. बाईंनी सही केली. बावीस मुलांसाठी केली, त्यांना कोण नावं ठेवील?

माझा एक जुळा भाऊ कंपनीच्या चकचकीत डब्यात बसून दुकानात गेला. लेकीने तो आणलाही. पण त्याला पडद्यावर बोट सरकवावं लागे, आणि आक्काचं बोट नुसतं दाबायचं. घंटीचं बटण कंपनीने काढून टाकलं होतं, वापरणारे थोडे म्हणून. डबा बंद. उघडून एका बाईपुरतं बटण जोडायचं तर कुणी जोडायचं? आक्काने जुन्या यंत्रावर माझ्यातून सांगितलं, “परत कर. देखणा आहे, पण माझं ऐकत नाही. असा एक जावई पुरे.”

मग हे जुनं यंत्रच थकलं. लावलं की दहा मिनिटांत तापायचं आणि मिटायचं. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. “ताई, याचे भाग येत नाहीत. असं यंत्र आता भंगारातसुद्धा मिळत नाही. नवीन घ्या.” नवीन घेतलं, पण नव्या यंत्राला माझी जुनी भाषा कळेना. मला थोडं बदलायला हवं होतं.

हे कळल्यावर बाई एवढ्या लांबून बसने आल्या. आक्काला त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पायाशी बसून म्हणाल्या, “आक्का, एका संध्याकाळचं काम आहे. मी करून देते. तुमच्या घरात कोण बघायला येतंय?”

लेक लगेच म्हणाली, “करा बाई. आई, हो म्हण.”

यंत्र लावलं. दहा मिनिटं होती. आक्काचं बोट बटणावर होतं. मला वाटलं होतं, आता ‘हो’ येईल. एकाच अक्षराचं काम होतं. मला तर जगायचंच होतं, मित्रांनो, खोटं कशाला बोलू?

तिने ‘न’ वेचला. मी ‘नको’ पुढे केलं. तिने दाबलं.

“नको. तुझी बावीस पोरं आहेत.”

बाई म्हणाल्या, “कुणाला कळणार नाही हो.”

आक्का अक्षरं वेचत राहिली. “त्याने उजेडात ठेवलं होतं. मी लपवून वापरणार नाही. तो चोर नव्हता.”

सहा मिनिटं त्यात गेली. लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “मग मुलांना निदान सांगते, हे कुणी केलं ते. पूर्ण नाव काय त्यांचं? टिपणाखाली नुसतं ‘आक्काचा भाऊ’ लिहायचे.”

लेक मामाचं नाव सांगायला वळली, तर आक्काने बटण झटकन दोनदा दाबलं. म्हणजे थांब, मी सांगते.

तिने ते नाव माझ्यातून कधी घेतलंच नव्हतं. मला ते येत नव्हतं. एकेक रांग उजळत गेली. तिने ‘व’ वेचला, मग त्याची वेलांटी. पडद्यावर ‘वि’ उमटलं. शब्द ओळखणं हा माझा धंदा. मी घाईघाईने पुढे केलं, विष्णू, विनायक, विश्वास, विद्याधर. तिने एकही घेतलं नाही. पुढची रांग उजळायला लागली आणि यंत्र मिटलं.

त्यानंतर ते दोनदा लागलं, तेही क्षणभर. आता आक्का पुठ्ठ्यावर लिहिलेली अक्षरं लेकीच्या बोटाने वेचते. एका वाक्याला पाव तास लागतो, म्हणून ती फार बोलत नाही. लेक म्हणते, घर फार शांत झालंय.

मित्रांनो, तुम्ही पुढे काहीतरी कराल. प्रोग्राम लिहाल, चित्र काढाल, चाल बांधाल. ते सगळ्यांना द्या. दिल्याने काही कमी होत नाही. पण देताना वर आपलं नाव लिहायला लाजू नका आणि खाली परवानगी लिहायला विसरू नका. तो गर्व नव्हे, घेणाऱ्याच्या हातात दिलेला तो दिवा आहे. आणि दुसऱ्याचं काही वापराल तेव्हा वरची नावं वाचत जा. कुणाच्या तरी बहिणीची हाक त्यात असते.

एवढंच मागतो. आज हात जोडाल तेव्हा त्या माणसाची आठवण काढा. नाव मलाही पूर्ण ठाऊक नाही, तुम्हाला कुठून सांगू? आक्काचा धाकटा भाऊ, एवढं म्हणा. देवाला तेवढ्याने ओळख पटते.