पाय पुढं

"मंगरू रोज सकारी बाजेवर मुडदा नेते म्हणे! अन् नाल्यापाशी गेला का त्याची बायको..."

विहिरीवर शकुनबाई एवढंच बोलली. समोरून मंगरू आला आणि तिचा पदर तोंडाशी गेला.

मी तीच बाज बोलतेय. मोहाचे पाय, अंबाडीची दोरी. अंगणात भिंतीला उभी असते, म्हणून करडी गावातलं सारं मला आधी कळतं.

मुडदा कुठला! माझ्यावर असतं अर्धं पोतं धान. मला खालून दोन बांबू बांधलेले. पुढे मोठा भाऊ देवाजी, मागे मंगरू. तुमसरकडच्या एका खाणीच्या दवाखान्यात स्ट्रेचर उचलायला माणूस हवा होता. परीक्षा एकच: भरलं स्ट्रेचर घेऊन मैदानाला फेरी मारायची, मध्ये खाली ठेवायचं नाही. त्याचाच हा रोजचा सराव.

शहात्तरच्या पावसाळ्यात माझ्यावरूनच मंगरूच्या बायकोला, रुखमाला, दवाखान्यात न्यायला निघाले. चौघं होते. जित्या माणसाचं डोकं पुढं, पाय पुढं फक्त मुडद्याचे. ही आपली रीत. मागे चालणाऱ्या मंगरूला दिसत होती तिच्या पायांतली जोडवी. पुढच्यांची तर पाठच. नाल्यापाशी तिला उलटी झाली, श्वास कोंडला. सडकेवर बाज टेकवली, तेव्हा त्यांना कळलं की ती गेली.

पुढे दोन वर्षांनी नोकरीची चौकशी करायला गेलेल्या मंगरूला खाणीतल्या कंपाउंडरनं शिकवलं, "पेशंटचे पाय पुढं. मागच्याची नजर तोंडावर." तेव्हापासून सरावात माझं पायथं पुढं, उशाकडचं टोक मंगरूकडे.

"अबे, पाय पुढं कायले?" देवाजी कुरकुरायचा. "लोक थुंकून राहिले आपल्यावर."

"थुंकू दे दादा. मले तोंड दिसलं पायजे."

"पोत्याले कुठचं तोंड बे?"

नाल्यापाशी रोज मंगरूचे हात सुटायचे. मी दाणकन खाली! "वजन वाढलं," तो म्हणायचा. देवाजी पोतं चाचपून बघायचा आणि पुन्हा बांबू धरायचा. गावानं शकुनबाईचं वाक्य पुरं केलं: रुखमा येऊन बाजेवर बसते.

परीक्षेच्या आदल्या सकाळी नाला आला. मंगरूनं बांबू घट्ट धरले. त्यानं नजर पोत्यावरून काढली नाही. "रुखमे, श्वास घे. आलोच," असं म्हणत तो थेट सडकेपर्यंत चालला. देवाजी पुढे रडत होता, पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

मंगरूला नोकरी लागली. आता माझी दोरी सैल झालीय, माझ्यावर वड्या वाळतात. बायांनो, आजाऱ्याला नेताना पाय पुढंच ठेवा. लोक बोलतील, बोलू द्या.

आणि रुखमा माझ्यावर कधी येऊन बसली नाही, हे मी सांगते. पण पोतं तेवढंच असताना नाल्यापाशी माझी दोरी रोज खाली ओढली जायची. तेवढं मात्र खरं.