ढाण्याचा दोर

सत्त्याण्णव सालच्या गणपतीनंतरची एक सकाळ. रंकाळ्यामागच्या पाणंदीवर शिवगंगा गवळणीच्या गोठ्यात पेठेतली चार माणसं पेले घेऊन धारोष्ण दुधाची वाट बघत उभी होती, आणि मैना म्हैस दूध द्यायला तयार नव्हती. शिवगंगानं रेडकू लावून बघितलं, आंबोण पुढं सरकवलं, पाठीवरून हात फिरवला. मैनेनं पान्हा चोरला तो चोरलाच. तिचे डोळे दारावर खिळले होते. दारात ढाण्या नावाचं कुत्रं जीभ बाहेर काढून उभं होतं आणि त्याच्यामागून त्याचा मालक प्रभुलिंग धापा टाकत येत होता.

"दुकानदार," शिवगंगा उठली, "ह्ये तुमचं जनावर आज रेडकांत शिरलं. परवा बी शिरलं."

"अक्का, त्यो चावत न्हाय. नुसता खेळतोय."

"चावत न्हाय ह्ये तुमाला म्हाईत हाय. म्हशीला कुणी सांगितलंय?"

पेलेवाले हसले. त्यांच्यातले आकाराम वस्ताद तर मिशीला फेस लागायच्या आधीच मिशी पुसायला लागले. शिवगंगा हसली नाही. वाट तिच्या बांधावरून, गोठ्याच्या अंगणातून जात होती. लोक पूर्वीपासून जात आले म्हणून तिनं जाऊ दिलं होतं, एवढंच. तिनं कोयता घेतला, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या.

"आजून एकदा मोकळं कुत्रं दिसलं, की ही काटी वाटंत घालीन. मग कुत्रं बी बंद आन् तुमी बी."

प्रभुलिंगनं ढाण्याला धरून मागं ओढलं. शिवाजी पेठेत त्याचं दोरांचं दुकान, आणि वर दोन खोल्यांचं घर. ढाण्या कारवानी जातीचा, लांब तंगड्यांचा. रोज सकाळी अंग मोडेपर्यंत पळाला नाही तर दिवसभर घरात पळायचा. आतापर्यंत दोन गाद्या आणि बायकोची, वर्षाराणीची, माहेरची सतरंजी त्यानं फाडली होती. रंकाळ्याच्या काठावर फिरणाऱ्यांची गर्दी, पेठेत गल्लीगल्लीत भांडायला तयार बसलेली कुत्री. राहिली ही एक पाणंद. ती बंद झाली तर ढाण्याला गगनबावड्याला मेहुण्याकडं धाडायचं, असं वर्षाराणीनं सांगून ठेवलं होतं. नुसतं सांगून नव्हे. भावाला फोनही करून ठेवला होता.

"अक्का, शब्द देतो," प्रभुलिंगनं कपाळाच्या विभूतीला हात लावला. "ह्या वाटंवर ढाण्याचा दोर माझ्याकडनं सुटायचा न्हाय. सुटला तर खुशाल काटी घाल."

"आन् रेडकू आन् तिची आय, ह्यांच्या मधनं जायाचं न्हाय. कडंनं जायाचं, सावकाश."

"व्हय."

"वस्ताद, तुमी साक्षीला."

"हाय की," वस्ताद म्हणाले. "पण आदी दूध."

दोर हा प्रभुलिंगचा प्रांत होता. नायलॉन हातातून सरकतो म्हणून त्यानं तो बाद केला, सुताचा पावसात कुजतो म्हणून तोही. शेवटी घायपाताचा दोर निवडला, करंगळीएवढा जाड. हातातला दोर माणसाच्या बेसावधपणी सुटू शकतो, असा विचार करून त्यानं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, आणि गाठ मारली ती दुकानातली खास गाठ. हिसका बसेल तशी ती आवळत जायची. बैलवाल्या गिऱ्हाईकांना ती शिकवताना तो नेहमी सांगायचा, "मालक सुटंल, पण गाठ सुटायची न्हाय."

वर्षाराणीनं त्याला तसा निघालेला बघितला. "कोण कुणाला फिरवाय लागलंय ह्ये रंकाळ्यावर लोकांस्नी कळाय पायजे," म्हणाली.

पण ते जमलं. ढाण्या ओढायचा तेव्हा प्रभुलिंग पळायचा, प्रभुलिंग दमायचा तेव्हा ढाण्या थांबायचा. गोठा जवळ आला की दोघं बांधाच्या कडेनं, लग्नातल्या नव्या जावयासारखे खाली बघत जायचे. दसऱ्यापर्यंत मैना ढाण्याकडं बघून न बघितल्यासारखं करायला लागली आणि वेळच्या वेळी पान्हवायला लागली. तरी शिवगंगानं बाभळीच्या फांद्या हलवल्या नाहीत. त्या भिंतीला तशाच वाळत राहिल्या. प्रभुलिंग येता-जाता तिकडं बघायचा आणि कमरेची गाठ चाचपायचा.

दिवाळी जवळ आली तशी पाणंदीवर वेगळीच गडबड सुरू झाली. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं, आणि गाडीचा आवाज ओळखून म्हैस मागं. शिवगंगाचा नवरा सिद्धराम आपल्या जुन्या राजदूतचा सायलेन्सर काढून रोज सकाळी मैनेचा सराव घेत होता. गाडी सुरू झाली की मैना शिंगं मागं टाकून निघायची. पण अर्ध्या पाणंदीत तिला कंटाळा यायचा आणि ती उसाचं वाडं खात उभी राहायची.

"पाडव्याला माझं नाक कापणार ही," सिद्धराम म्हणायचा.

त्या दिवशी सिद्धराम गाडी घेऊन पुढं गेला होता, मैना मागून निघाली होती आणि प्रभुलिंग ठरल्याप्रमाणं बांधाच्या कडेला उभा होता. सगळं रीतसर चाललं होतं. पण गोठ्यात रेडकाची दावणीची गाठ शिवगंगाकडून सैल राहिली होती. रेडकू सुटलं, उड्या मारत आलं आणि थेट ढाण्याच्या नाकाला नाक लावून उभं राहिलं.

मैनेनं वळून बघितलं. पुढं राजदूत बोलवत होती. मैनेनं राजदूतला पाठ दिली.

"दुकानदार, दोर सोडा!" शिवगंगा गोठ्यातून ओरडली.

"न्हाय सोडणार! शब्द दिलाय!"

"शब्दाला घाला चुलीत! ती कुत्र्यामागं लागलीया, तुमच्या न्हवं! कुत्रं पळंल, तुमाला पळता येतंय का? सोडा!"

प्रभुलिंगला ते पटायला मैना जवळ यावी लागली. तोवर ढाण्या पळत सुटला होता आणि प्रभुलिंगही, इच्छा असो वा नसो, पळत सुटला होता. धावता धावता त्यानं गाठीला बोटं घातली. गाठ आवळत होती. ती त्याचीच गाठ होती, आणि उत्तम होती.

"सुटंना!"

"मालक सुटंल म्हणायचास की रं!" दुधासाठी आलेले वस्ताद पेला सावरत ओट्यावर चढले.

अंगणाला एक फेरी झाली. दुसरीत ढाण्या शेणाचा खड्डा एका उडीत ओलांडून पलीकडं गेला. प्रभुलिंगला तेवढी उडी नव्हती. तो मांडीपर्यंत खड्ड्यात उभा, दोर ताणलेला, पलीकडं ढाण्या, आणि अलीकडून मैना. शिवगंगा कोयता घेऊन धावली आणि ताणलेल्या दोरावर एक घाव घातला.

ढाण्या बाणासारखा सुटला. मैना खड्ड्याला वळसा घालून त्याच्यामागं गेली. खड्ड्यातल्या प्रभुलिंगकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात, म्हैस मागं का नाही हे बघायला सिद्धराम गाडी वळवून येत होता. ढाण्यानं त्याला ओलांडलं, काय सुचलं कुणास ठाऊक, पुन्हा वळला आणि उडी मारून त्याच्यामागं सीटवर बसला. सिद्धरामनं मागं कुत्रं बघितलं, समोर म्हैस बघितली, गाडी गर्रकन फिरवली आणि मूठ पिळली.

मैना त्या दिवशी वाडं खायला कुठंही थांबली नाही. पाणंद संपेपर्यंत धुरळा दिसत होता.

प्रभुलिंगला वस्तादांनी हात देऊन वर काढलं. कमरेला दोराचं तुटकं टोक लोंबत होतं. त्यानं भिंतीकडं, बाभळीच्या फांद्यांकडं बघितलं. गगनबावड्याचा पाऊस, मेहुण्याचं घर, आणि कोपऱ्यात भिजत बसलेला ढाण्या त्याला स्पष्ट दिसला.

"अक्का," तो म्हणाला, "सुटला की गं दोर."

"सुटला कुटं? मी तोडला." शिवगंगानं कोयता पदराला पुसला. "आन् रेडकू माझ्याकडनं सुटलं. तुमी कडंलाच हुता, मी बघितलंय. पण उद्यापास्नं दोर हातात धरायचा, कमरंला न्हाय. आन् म्हस अंगावर आली तर सोडायचा. म्हशीसमोर शब्द धरून उबं ऱ्हायचं नसतंय."

मागून राजदूतचा आवाज आला. सिद्धराम घामानं निथळत होता, ढाण्या मागं ऐटीत बसला होता, आणि मैना आता दमून, आपल्या रेडकाकडं बघत शांतपणे येत होती.

"अशी कवाच पळाली न्हवती!" सिद्धराम ओरडला. "दुकानदार, पाडव्यापुरतं कुत्रं द्या!"

"एवढ्या गर्दीत? ढोलताशात? शंभर म्हशींत?" शिवगंगानं प्रभुलिंगच्या आधी उत्तर दिलं. "पाडव्याला त्यो घरात. काय दुकानदार?"

"शब्द देतो," प्रभुलिंग म्हणाला.

"शब्द नगं. दार लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी प्रभुलिंग हातात नवा दोर धरून आला तेव्हा गोठ्याची भिंत मोकळी होती. अंगणात आंघोळीच्या पाण्याचा बंब धडधडून पेटला होता आणि वाळलेल्या बाभळीचा धूर पाणंदीवर पसरत होता. ढाण्यानं दोन शिंका दिल्या आणि कडेनं, सावकाश, पुढं निघाला.