सेरेंगेटीवर टेकलेली इस्त्री

मी टांझानियाचा एक जुना नकाशा आहे. मित्रांनो, माझ्या घड्या इतक्या झिजल्या आहेत, की मी अखंड उलगडेन याची मलाच खात्री नसते.

माझी छपाई दार-एस-सलामची. तिथे रस्ते बांधणाऱ्या तरुण मनोहरांनी मला विकत घेतलं. त्यांच्या जीपमध्ये मी लाल धुळीने माखलो. विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर बर्फ मिरवणारा किलीमांजारो पाहिला, लाल शाली पांघरून गुरं राखणारे मसाई पाहिले. झांझिबारच्या लवंगांचा वास माझ्या एका कोपऱ्याला अजून येतो. कदाचित तो माझा भासही असेल.

पुढे मनोहर अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आले. मी फाटेन म्हणून त्यांनी मला पिशवीत घालून कपाटात ठेवलं. चाळीस वर्षं!

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीने, अंतराने, वर्गात सांगून टाकलं, की माझे आबा खरा नकाशा घेऊन येतील. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मनोहरांना घाम फुटतो. तरी ते हो म्हणाले.

शाळेत जायच्या दिवशी सकाळी मनोहरांच्या पत्नी पद्मजाआजींनी माझ्यावर ओलसर पंचा अंथरून इस्त्री फिरवायला घेतली. चुरगळलेले कागद त्या नेहमी असेच सरळ करत. माझ्या घड्या सैल होऊ लागल्या. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली. वरणाला तीन म्हणजे तीनच! आजी गॅसकडे धावल्या. इस्त्री माझ्यावरच राहिली.

आधी ऊब, मग चटका, मग वास.

"अगं, काय जळतंय?" मनोहर ओरडले.

आजींनी इस्त्री उचलली. सेरेंगेटीच्या गवताळ पठारावर तपकिरी डाग उमटला होता.

"माझं मेलीचं लक्ष त्या कुकरकडे!"

"राहू दे. कॅन्सल करू आपण," मनोहर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी सुटकाही होती.

अंतरा दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. "आबा, यू प्रॉमिस्ड! आता सगळे म्हणतील मी खोटं बोलले."

शाळेची बस आली. ती उत्तर न घेताच गेली.

तरी अकरा वाजता मनोहर मला धरून वर्गासमोर उभे होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि डोडोमा शहरापाशी माझी मधली घडी ताणली जात होती. त्यांनी दोनदा नुसतंच खाकरून घेतलं. अंतराने मान खाली घातली. एका मुलीने डागाकडे बोट दाखवलं. "इथे काय झालं?"

मनोहरांनी मान वाकवून डाग पाहिला. मग हळूच म्हणाले, "आज सकाळी बायकोने इस्त्री केली. तिचं लक्ष कुकरकडे होतं."

वर्ग खळखळून हसला. तेही हसले.

"पण इथलं गवत खरंच जळतं. मी पाहिलंय. सगळं काळं होतं. मग पाऊस पडतो, हिरवे कोंब येतात, आणि त्यांच्यामागे हजारो वाइल्डबीस्ट, ती दाढीवाली मोठी हरणं. आमची जीप तासभर अडकायची!"

मग ते थांबलेच नाहीत. अंतरा कधी पुढे आली आणि तिने माझं दुसरं टोक कधी धरलं, कळलंही नाही. डोडोमापाशी मी बोटभर फाटलो. तेही कोणाला कळलं नाही.

घरी आल्यावर मनोहर पिशवी शोधू लागले. "नो बॅग, आबा. वॉलवर!" अंतरा म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण कोंडून नका ठेवू. आम्हाला उलगडा. फाटलो तर चिकटवा. इस्त्री मात्र, कृपा करून, नको.